गोणपाटात शंभर दाणे: बिटकॉइन कोअर घरी कंपाइल करताना

मृग लागायच्या आधी आमच्या परभणीकडे एक काम न चुकता होतं. बियाणं म्हणून ठेवलेल्या घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात ७० किंवा त्याहून जास्त दाण्यांना कोंब फुटले तर ते पेरायचं. नाही फुटले तर पोतं सरळ मोंढ्यात. २०२० च्या खरिपात विकत आणलेलं सोयाबीन उगवलं नाही म्हणून गावोगाव तक्रारी झाल्या. त्यानंतर तर ज्यांनी जन्मात गोणपाट भिजवलं नव्हतं तेही भिजवायला लागले.

क्रिप्टोचं वॉलेट, म्हणजे नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, सोर्स कोडपासून स्वतः कंपाइल करणं, म्हणजे माणसानं लिहिलेल्या मूळ कोडमधून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम बांधणं, हा घरचं बियाणं पेरण्यातलाच प्रकार आहे. आणि माणसं चुकतातही तिथंच: घरचं आहे ना, मग चांगलंच असणार. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं कंपाइल होऊन खिडकी उघडली की खूश होतात, आणि ‘सही तपासली का?’ विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत राहतात. म्हणून इथं कंपाइलपेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासणीबद्दल जास्त लिहिणार आहे. मधलं काम दोन ओळींचं आहे, ते यंत्र करतं.

उदाहरणाला बिटकॉइन कोअर घेतलंय, म्हणजे बिटकॉइनचं जाळं चालवणारं सॉफ्टवेअर, ज्यात वॉलेटही असतं; तेही उबुंटू २४.०४ या लिनक्सवर. सगळे हुकूम मी फोनवर सांगतो तसे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच. स्पेलिंगची शंका आली तर बिटकॉइन कोअरच्या सोर्स कोडमध्ये ‘डॉक’ नावाचा फोल्डर असतो, त्यातलं ‘बिल्ड-युनिक्स’ हे पान शेजारी उघडून ठेवा. तेच मूळ, माझं हे त्याचं मराठी बोलणं.

आधी हे करायची खरंच गरज आहे का ते बघा. बिटकॉइन कोअरची तयार फाइल मिळते, आणि २२ व्या आवृत्तीपासून ती ‘गीक्स’ नावाच्या पद्धतीनं बनते. वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या यंत्रावर तोच कोड बांधतात, सगळ्यांची फाइल बिटाला बिट सारखी आली का ते ताडून पाहतात आणि त्यावर सह्या करतात. ही तयार फाइल सही तपासून घेतली तर ती तुमच्या घरच्या कंपाइलइतकीच विश्वासाची, काही बाबतींत जास्तच. मग घरी कशाला बांधायचं? कारण एकदा बांधल्यावर वॉलेट म्हणजे काय हे कळतं, आणि मध्ये कुणाच्या वेबसाइटवर अवलंबून राहावं लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम या दुसऱ्या प्रसिद्ध वॉलेटच्या वापरकर्त्यांना खोट्या सर्व्हरवरून ‘नवीन आवृत्ती घ्या’ असा संदेश दिसायला लागला, खाली लिंक. ज्यांनी ती उतरवली त्यांची नाणी गेली. वॉलेट खरं होतं, दिलेली लिंक खोटी होती.

उलट बाजूही ऐका. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, आणि त्यानं शोधून काढलं. गंमत अशी की तो चोरदरवाजा चालू करणारा तुकडा गिटमधल्या, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतल्या, कोडमध्ये नव्हता, फक्त प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे ज्यानं तो गठ्ठा उतरवून त्यावरून डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं आणि ‘मी स्वतः कंपाइल केलं’ म्हणून छाती फुगवली, त्यानं चोरदरवाजाही स्वतःच कंपाइल केला.

आता यंत्र. ६४ बिटचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, २० जीबी मोकळी जागा असली की निवांत. ४ जीबीवरही होतं, पण तिथं काय होतं ते पुढं सांगतो. विंडोज असेल तर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

हा हुकूम द्या; रीस्टार्टनंतर विंडोजच्या पोटातच उबुंटू मिळतं. मात्र सगळं काम उबुंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करा. सी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये केलं तर बैलगाडीच्या वेगानं चालतं. आणि हे पोटातलं उबुंटू साधारणपणे निम्मीच रॅम घेतं, हे धरून चाला.

हत्यारं जमवायची:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल सीमेक पीकेजीकॉन्फ पायथन३ गिट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबइव्हेंट-डेव्ह लिबबूस्ट-डेव्ह लिबएसक्यूलाइट३-डेव्ह

शेवटचं एसक्यूलाइट विसरू नका. वॉलेटची फाइल म्हणजे आत एक एसक्यूलाइटचा डेटाबेसच असतो. ते नसेल तर काम अडेल. खिडकी आणि बटणं हवी असतील (नवख्याला हवीतच) तर क्यूटी लागतं. २९ व्या मालिकेला क्यूटी ५, ३० पासून क्यूटी ६. ३० साठी:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूटी६-बेस-डेव्ह क्यूटी६-टूल्स-डेव्ह क्यूटी६-एल१०एन-टूल्स क्यूटी६-टूल्स-डेव्ह-टूल्स लिबजीएल-डेव्ह

इथं एक इशारा. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ ‘ऑटोजेन’, मग ‘कॉन्फिगर’, मग ‘मेक’ असं शिकवतात. ते जुनं झालं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीपासून बिटकॉइन कोअर सीमेक या बांधकामाच्या हत्यारावर गेलाय आणि ऑटोजेनची ती फाइलच आता सापडत नाही. जिंतूरहून एका पोरानं रात्री साडेदहाला फोन केला होता, “सर, फाइलच नाही म्हणायलंय.” बरोबरच म्हणत होतं ते.

मग सोर्स कोड. गिटहबवर बिटकॉइन या खात्यात बिटकॉइन नावाचीच रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, आहे. पत्ता गुगलच्या जाहिरातीतून घेऊ नका, स्वतः टाइप करा. आपल्याकडं हॉटस्पॉटवर काम चालतं आणि गिटचा क्लोन, म्हणजे त्या साठ्याची नक्कल, अर्ध्यात तुटला की तिथून पुढं सुरू होत नाही, पहिल्यापासून. म्हणून सगळा इतिहास न घेता एकच आवृत्ती घ्या:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रांच व्ही३०.० (आणि पुढं रेपॉझिटरीचा पत्ता)

व्ही३०.० च्या जागी तुम्ही वाचाल तेव्हाची ताजी स्थिर आवृत्ती घाला. शेवटी ‘आरसी’ लागलेली घेऊ नका, ती चाचणीची असते. ‘मास्टर’ तर मुळीच नाही. तो रोज बदलतो. क्लोन झाला की ‘सीडी बिटकॉइन’ म्हणून आत जा.

इथं थांबा. चहा घ्या. पुढचा भाग घाईत करायचा नाही.

प्रत्येक आवृत्तीच्या खुणेवर, म्हणजे टॅगवर, ती प्रसिद्ध करणाऱ्या देखभालकर्त्याची जीपीजी सही, म्हणजे डिजिटल सही, असते. बियाण्याच्या पिशवीला शिवलेली चिठ्ठी असते ना, तशी. फरक एवढाच की ही चिठ्ठी खोटी छापता येत नाही, जोवर सही करणाऱ्याची खाजगी किल्ली त्याच्याकडंच आहे. सही तपासायला त्याची सार्वजनिक किल्ली लागते. बिटकॉइन कोअर प्रकल्पाची ‘गीक्स डॉट सिग्ज’ नावाची वेगळी रेपॉझिटरी आहे, त्यात ‘बिल्डर-कीज’ फोल्डरमध्ये या किल्ल्या ठेवलेल्या असतात. तिथून घेऊन ‘जीपीजी --इम्पोर्ट’ करा, आणि मग:

गिट व्हेरिफाय-टॅग व्ही३०.०

तीनपैकी एक उत्तर येतं. ‘नो पब्लिक की’ म्हणजे तपासायला लागणारी किल्ली तुमच्याकडं नाही. यात कोड वाईट असं काही नाही, किल्ली शोधा. ‘बॅड सिग्नेचर’ म्हणजे सगळं बंद करा, फोल्डर पुसा. ‘गुड सिग्नेचर’ म्हणजे सही जुळली. पण त्याच्या खालीच ‘वॉर्निंग’ म्हणून येतं की ही किल्ली त्या माणसाचीच आहे याचा पुरावा नाही. इथं निम्मे लोक घाबरून सोडतात आणि निम्मे न वाचताच पुढं जातात. दोन्ही चूक. यंत्र एवढंच म्हणतंय: सही या किल्लीची आहे हे मी सांगतो, किल्ली कुणाची आहे हे तू ठरव. मोंढ्यातला काटा वजन सांगतो, माल कुणाच्या शेतातला ते सांगत नाही.

ते ठरवायचं कसं? किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, ४० अक्षरांचा असतो. तो गिटहबवर बघितला, तसाच दुसऱ्या ठिकाणीही बघा: की-सर्व्हरवर (सार्वजनिक किल्ल्या ठेवायची जागा), त्या देखभालकर्त्याच्या स्वतःच्या पानावर, शक्य झालं तर दुसऱ्या माणसाच्या फोनवरून दुसऱ्या नेटवर. शेवटची चार अक्षरं जुळली म्हणजे झालं असं नाही, पूर्ण ४० जुळवा. एक जण वाचतो, दुसरा बोट फिरवत ‘हं’ म्हणतो. आमच्याकडं हे काम दोन पोरांना समोरासमोर बसवूनच होतं. पाच मिनिटं लागतात.

आता बांधकाम. आधी आखणी:

सीमेक -बी बिल्ड -डीबिल्ड_जीयूआय=ऑन -डीइनेबल_आयपीसी=ऑफ

‘-बी’ मधलं बी कॅपिटल, ‘-डी’ पासून पुढची सगळी अक्षरं कॅपिटल, आणि डी नंतर जागा सोडायची नाही. मी पहिल्यांदा सीमेक वापरलं तेव्हा खिडकीचा तो जीयूआयवाला तुकडा घालायचा राहिला. दोन तास लॅपटॉपचा पंखा घरघरला, काम यशस्वी झालं आणि हातात आला फक्त काळ्या पडद्यावर चालणारा प्रोग्राम. आयपीसी बंद केलंय कारण त्याला आणखी एक लायब्ररी लागते आणि नवख्याला त्याचा उपयोग नाही.

हा हुकूम संपला की खाली एक गोषवारा छापून येतो. तो वाचाच. वॉलेटसमोर ‘ऑन’ आहे का, जीयूआयसमोर ‘ऑन’ आहे का, एवढंच बघायचंय. ‘कुड नॉट फाइंड’ असं लाल काही आलं तर पुढं ज्याचं नाव आहे त्याचं ‘-डेव्ह’ पॅकेज राहिलंय. ते टाका, ‘बिल्ड’ फोल्डर पुसा, परत आखणी.

मग:

सीमेक --बिल्ड बिल्ड -जे २

जे पुढचा आकडा म्हणजे एका वेळी किती कामं. आठ कोअर आहेत म्हणून ८ घालायची खुमखुमी येते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर मी ते केलंय: माउस गोठला, मग पडदा गोठला, शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. कधी कधी एवढं न होता ‘किल्ड… सीसी१प्लस’ असा शब्द येऊन काम थांबतं. त्याचा अर्थ कोडमध्ये चूक आहे असा नाही. रॅम संपली आणि उबुंटूनं कंपायलरचाच गळा दाबला. एका कामाला दीड जीबी लागेल असं धरा आणि तुमच्या रॅमला भागा. ४ जीबीला २ सुद्धा जड जात असेल तर १. रात्री लावून झोपा.

लाईट गेली तर? मराठवाड्यात हा प्रश्न ‘जर’चा नाही. डीपी जळाली तर दोन-दोन दिवस. लॅपटॉप बंद पडला तरी घाबरायचं कारण नाही; तोच हुकूम परत द्या, झालेल्या फाइली सोडून राहिलेल्या ठिकाणापासून सुरू होतं. बंद पडायच्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहून नंतर जोडणीत विचित्र चूक देऊ शकते; तसं झालं तर ‘बिल्ड’ फोल्डर पुसून नव्यानं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम लावूच नका. तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो आणि दोन तासांचे चार होतात. पहाटे लावा, किंवा मागच्या कडा दोन वह्यांवर टेकवून खालून हवा खेळू द्या.

झालं की गोणपाट भिजवायची वेळ:

सीटेस्ट --टेस्ट-डिर बिल्ड

शेकडो छोट्या चाचण्या चालतात आणि शेवटी किती पास, किती नापास ते येतं. सोयाबीनला ७० चालतात, इथं १०० टक्केच लागतात. एक जरी नापास झाली तरी त्या बांधकामात पैसे ठेवायचे नाहीत.

दुसरी उगवण चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला इंटरनेट लागत नाही, रुपया लागत नाही आणि बिघडलं तरी हसण्यावारी जातं. बिटकॉइन कोअरमध्ये ‘रेगटेस्ट’ म्हणून खाजगी जाळं असतं, फक्त तुमच्या यंत्रावरचं. तिथं ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, तुम्हीच काढता.

./बिल्ड/बिन/बिटकॉइन-क्यूटी -रेगटेस्ट -फॉलबॅकफी=०.०००१

शेवटचा तुकडा राहिला तर पुढं पैसे पाठवताना फीचा अंदाज बांधता येत नाही म्हणून प्रोग्राम अडून बसतो. एकट्याच्या जाळ्यात गर्दी नाही, तर अंदाज कशावरून बांधणार! खिडकी उघडली की नवीन वॉलेट तयार करा, ‘रिसीव्ह’मध्ये जाऊन पत्ता घ्या. मग ‘विंडो’ मेनूतून कन्सोल उघडून लिहा:

जनरेटटूॲड्रेस १०१ (आणि पुढं तो पत्ता)

शिल्लक ५० बिटकॉइन. ब्लॉक १०१ काढले आणि मिळाले एकाचेच पैसे, असं का? कारण ब्लॉक काढल्याचं बक्षीस त्यावर आणखी १०० ब्लॉक चढेपर्यंत खर्चता येत नाही. हा नियम खऱ्या जाळ्यावरही तसाच आहे. पुस्तकात दहा वेळा वाचून डोक्यात शिरत नाही ते इथं एका ओळीत शिरतं.

आता दुसरं वॉलेट बनवा, पहिल्यातून त्यात ३ बिटकॉइन पाठवा, आणखी एक ब्लॉक काढा, पोचले का बघा. मग खरा धडा. दुसऱ्या वॉलेटला ‘सेटिंग्ज’मधून पासफ्रेज लावा आणि त्यानंतर ‘फाइल’मधून बॅकअप घ्या. क्रम उलटा करू नका. पासफ्रेज लावताना वॉलेट आतून नव्या किल्ल्या बनवतं, आधीच्या बॅकअपमध्ये त्या नसतात. बॅकअप पेनड्राइव्हवर टाका. प्रोग्राम बंद करा. होम फोल्डरमधल्या ‘.बिटकॉइन’ फोल्डरात ‘रेगटेस्ट’, त्यात ‘वॉलेट्स’. तिथलं ते वॉलेट हातानं पुसून टाका. हात थरथरला पाहिजे. नंतर प्रोग्राम उघडून ‘रिस्टोअर वॉलेट’नं पेनड्राइव्हवरून परत आणा. ३ बिटकॉइन दिसले आणि पासफ्रेज टाकून ते पाठवता आले, तर तुमचा बॅकअप खरा.

मोबाइल वॉलेटची सवय असलेले विचारतात, “ते बारा शब्द कुठंयत?” वॉलेट परत मिळवायचे बारा किंवा चोवीस शब्द बिटकॉइन कोअर देतच नाही. इथं फाइल आणि पासफ्रेज हेच सगळं. फाइल गेली की नाणी गेली, पासफ्रेज विसरलात तरी नाणी गेली, आणि तक्रार करायला शाखा नाही.

खऱ्या जाळ्यावर जायचं असेल तर हिशेब मांडून बघा. आजवरचे सगळे ब्लॉक ६०० जीबीच्या वर आहेत. मोबाइलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर ते उतरवायला ३०० दिवस लागतील, तोवर आणखी वाढलेले असतील. फायबर असेल तरच नाद करा. जागेची अडचण मात्र सुटते: बिटकॉइन डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘प्रून=५५०’ लिहिलं की जुने ब्लॉक तपासून झाल्यावर पुसले जातात आणि ५५० एमबीच्या आसपासच राहतात. पण खात्यांच्या चालू स्थितीला वेगळे १० जीबीच्या वर लागतात, आणि उतरवावं सगळंच लागतं. प्रून जागा वाचवतं, डेटा नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी इलेक्ट्रमसारखं हलकं वॉलेट घ्यावं, सही तपासून.

करही लक्षात ठेवा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस. वॉलेट घरी बांधलं म्हणून यातलं काही चुकत नाही. आणि ‘आमच्याकडं ठेवा, महिन्याला दहा टक्के देतो’ म्हणणारा पाहुणा आला तर त्याला पाणी द्या, पत्ता देऊ नका. गेनबिटकॉइन या योजनेच्या वेळी असंच बोलून लोकांची नाणी गोळा केली होती. २०१८ मध्ये ते प्रकरण पुणे पोलिसांकडं गेलं.

नवी आवृत्ती आली की बांधकाम परत करायचं असतं, कंटाळा करून चालत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ०.१६.३ ही आवृत्ती घाईनं आली, कारण आधीच्या काही आवृत्त्यांत हवेतून नाणी तयार करता येतील अशी चूक निघाली होती. क्रम असा: प्रोग्राम बंद, वॉलेटचा बॅकअप, मग

गिट फेच --डेप्थ १ ओरिजिन टॅग (नव्या आवृत्तीचं नाव)
गिट व्हेरिफाय-टॅग (तेच नाव)
गिट चेकआउट (तेच नाव)

जुना ‘बिल्ड’ फोल्डर पुसा आणि आखणीपासून सुरू करा. यावेळी किल्ली आधीपासून तुमच्याकडं असेल. सही वेगळ्याच किल्लीची निघाली, तर देखभालकर्ता बदललाय की आणखी काही घोळ आहे ते कळेपर्यंत जुन्याच आवृत्तीवर राहा, आणि परत दोन पोरांना समोरासमोर बसवा.